नंदी खोरे : फळबागा, इतिहास आणि पाण्याचा प्रश्न

बंगळुरू महानगराच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटर अंतरावर नंदी डोंगररांग आहे. डोंगरमाथ्याची उंची समुद्रसपाटीपासून १,४७८ मीटर असून पायथ्याच्या पठारावर तांबड्या मातीत द्राक्ष, आंबा, डाळिंब व पेरू यांच्या बागा पसरल्या आहेत. चिक्कबळ्ळापूर, दोड्डबळ्ळापूर व देवनहळ्ळी या तालुक्यांचा हा परिसर फलोत्पादनाच्या संदर्भात 'नंदी खोरे' म्हणून परिचित आहे. भूगोल, इतिहास व कृषी अर्थव्यवस्था यांचा परस्परसंबंध समजून घेण्यासाठी या खोऱ्याचे उदाहरण उद्बोधक ठरते.

जलविभाजकाचा प्रदेश

अर्कावती, पालार, दक्षिण पिनाकिनी, उत्तर पिनाकिनी म्हणजेच पेन्नार आणि चित्रावती या नद्या नंदी डोंगररांगेच्या परिसरात उगम पावतात. मात्र उगमस्थानी त्या लहान ओढ्यांच्या स्वरूपात असल्याने या प्रदेशाला बारमाही नदी लाभलेली नाही. पावसाचे पाणी तलावांत साठवून ते शेतीला पुरविणे हाच येथील परंपरागत मार्ग होता. एका तलावाच्या सांडव्यातून वाहणारे पाणी खालच्या तलावात जावे, अशी त्यांची साखळी होती.

आधुनिक भारताच्या जलव्यवस्थापनात ज्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच परिसरातील मुद्देनहळ्ळीचे. पुढे मुंबई प्रांताच्या सेवेत असताना त्यांनी खडकवासला धरणासाठी स्वयंचलित दरवाजांची रचना केली. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

ऐतिहासिक वारसा

नंदी गावातील भोगनंदीश्वर मंदिराचा इतिहास नवव्या शतकाच्या आरंभापर्यंत मागे जातो. नोलंब व बाण या राजघराण्यांशी त्याचा संबंध असून चोळ, होयसळ व विजयनगर काळात त्यात भर पडत गेली. पुढे आवती घराण्याच्या पाळेगारांनी देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर व चिक्कबळ्ळापूर येथे सत्ता स्थापन केली.

महाराष्ट्राशीही या प्रदेशाचे जुने नाते आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने बंगळुरू जिंकल्यानंतर शहाजीराजे भोसले यांच्याकडे जी जहागीर आली तीत बंगळुरूसह होस्कोटे, कोलार व दोड्डबळ्ळापूर यांचा समावेश होता. अठराव्या शतकात हैदरअली व टिपू सुलतान यांनी नंदीदुर्ग बळकट केला. देवनहळ्ळी हे टिपूचे जन्मस्थान होय. १७९१ मध्ये तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने नंदीदुर्ग काबीज केला.

खोऱ्याची ओळख : फळे

'बंगलोर ब्लू' हे येथील वैशिष्ट्यपूर्ण द्राक्ष होय. गडद निळसर-जांभळे, जाड सालीचे व बियांचे हे फळ रस व वाइन यांसाठी प्रामुख्याने वापरले जाते. करपा रोगास ते प्रतिकारक्षम असले तरी केवडा रोगास बळी पडते. हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'बंगलोर ब्लू' व 'ब्लॅक चंपा' यांच्या संकरातून 'अर्का श्याम' हे वाण विकसित केले आहे.

महाराष्ट्रातील द्राक्षशेतीशी तुलना केल्यास हवामानाचा परिणाम स्पष्ट होतो. नाशिक, सांगली भागात एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशा दोन छाटण्यांवर वर्षाला एकच पीक घेतले जाते. दक्षिण कर्नाटकातील सौम्य हवामानात मात्र 'बंगलोर ब्लू'ची दोन पिके घेता येतात.

देवनहळ्ळीचे पपनस हे या भागाचे दुसरे मानाचे फळ. कन्नडमध्ये त्याला 'चकोता' म्हणतात. या दोन्ही फळांना भौगोलिक उपदर्शन अर्थात 'जीआय' नोंदणी लाभली आहे. यासंबंधीचा कायदा १९९९ चा असून तो सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. नोंदणीची मुदत दहा वर्षांची असते व तिचे नूतनीकरण करता येते. नोंदणीमुळे नावाचा गैरवापर रोखता येतो. परंतु ज्या जमिनीत फळ पिकते ती जमीन व तिला लागणारे पाणी यांचे रक्षण या कायद्याने होत नाही.

पाणी आणि जमीन यांचा पेच

तलावांची व्यवस्था दुर्लक्षित झाल्यानंतर शेती विंधन विहिरींवर अवलंबून राहू लागली. अनेक ठिकाणी त्यांची खोली हजार फुटांपलीकडे गेली आहे. वार्षिक पुनर्भरणापेक्षा जास्त पाणी उपसले जाते तेव्हा ते क्षेत्र 'अतिशोषित' ठरते. चिक्कबळ्ळापूर व कोलार जिल्ह्यांतील बहुतेक तालुके या वर्गात मोडतात. ठिबक सिंचनाने पाण्याची बचत होते. तथापि वाचलेल्या पाण्यावर बागेचे क्षेत्र वाढविल्यास एकूण उपसा कमी होत नाही.

यावर उपाय म्हणून बंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी ग्रामीण तलावांत सोडण्याच्या योजना राज्य शासनाने हाती घेतल्या. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील पाणी २०१८ पासून कोलारकडे जाऊ लागले. हेब्बाळ-नागवार योजनेचा लाभ चिक्कबळ्ळापूर भागाला मिळतो. या पाण्याने तलाव भरतात व भूजलाचे पुनर्भरण होते. परंतु त्यावर केवळ दुय्यम स्तरावरील प्रक्रिया होत असल्याने तृतीय स्तरावरील शुद्धीकरणाची मागणी अभ्यासक व शेतकरी यांच्याकडून होत आली आहे.

जमिनीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. मे २००८ मध्ये देवनहळ्ळी येथे आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि भोवतालच्या जमिनींची मागणी झपाट्याने वाढली. चन्नरायपट्टण परिसरातील १,७७७ एकर जमीन एरोस्पेस उद्यानासाठी संपादित करण्याच्या प्रस्तावास शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ विरोध केला. अखेर जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने हे संपादन मागे घेत असल्याचे जाहीर केले. उद्योगातून मिळणारा रोजगार आणि सुपीक जमिनीवरील उपजीविका यांत समतोल कसा साधावा, हा प्रश्न त्यामुळे देशभरातील धोरणकर्त्यांपुढे पुन्हा ठळकपणे आला.

समारोप

महानगर व खोरे हे परस्परांवर अवलंबून आहेत. शहराला फळे, भाजीपाला व दूध खोऱ्याकडून मिळते; खोऱ्याला बाजारपेठ आणि आता पाणीही शहराकडून मिळते. ही देवाणघेवाण टिकायची असेल तर तलावांचे पुनरुज्जीवन, भूजल उपशावर नियंत्रण, सांडपाण्याचे दर्जेदार शुद्धीकरण आणि शेतजमिनीचा विचार करणारे नगरनियोजन या चारही गोष्टी एकत्रितपणे व्हावयास हव्यात. त्यांपैकी एकीकडे दुर्लक्ष झाले तर उर्वरित तिन्हींचे फळ हाती लागणार नाही.