सहकुटुंब चालण्याजोगी वाट : मरीन ड्राइव्ह

शहरातील बहुतेक पदपथ धडधाकट, एकट्या माणसाच्या चालीस पुरे पडतात. आजी-आजोबा, चालायला नुकतेच शिकलेले मूल आणि चाकांच्या खुर्चीवरील एखादी व्यक्ती असे कुटुंब बरोबर निघाले, की त्याच पदपथांची उणीव पावलोपावली जाणवू लागते. मुंबईतील मरीन ड्राइव्ह, म्हणजेच नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग, याच्या समुद्राकडील पदपथ हा या बाबतीत ठळक अपवाद होय.

नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीच्या दिशेने धनुष्याकृती वळण घेत जाणारा हा मार्ग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समुद्रात भराव घालून तयार झालेल्या जमिनीवर आहे. भरावाची जमीन असल्याने चढउतार जवळजवळ नाही. एका बाजूस समुद्र असल्याने त्या बाजूने गल्ल्या येऊन मिळत नाहीत. त्यामुळे पदपथ वारंवार तुटत नाही आणि मुलाचा हात सुटला तरी वाहनापुढे जाण्याची धास्ती कमी राहते. कडेचा रुंद, बुटका कठडा हेच बसण्याचे आसन. दमलेल्या वृद्धास बाक शोधावा लागत नाही. चर्चगेट, मरीन लाइन्स आणि चर्नी रोड ही तीन रेल्वेस्थानके जवळ असल्याने संपूर्ण अंतर चालण्याची सक्तीही नाही. हवे तेथून सुरुवात करावी, हवे तेथून परतावे.

समोरच्या बाजूस 1930 आणि 1940 च्या दशकांत उभ्या राहिलेल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती आहेत. गोलाकार कोपरे, आडव्या रेषांचे सज्जे आणि जवळपास सारखी उंची ही त्यांची लक्षणे मुलांनाही सहज ओळखता येतात. 2018 साली युनेस्कोने मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यात या इमारती आहेत. पुढे चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. 1920 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्यावर याच वाळूवर अंत्यसंस्कार झाले. शिक्षकांना या एका फेरीत भूगोल आणि इतिहास दोन्ही शिकविता येतील.

कठड्यापलीकडचे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे टेट्रापॉड, हे मुलांचे विशेष आकर्षण. एकमेकांत अडकून राहिलेल्या या ठोकळ्यांच्या पोकळ्यांत लाटेचे पाणी विभागले जाते, तिचा जोर मोडतो आणि भिंतीवरील आघात सौम्य होतो. नेमक्या याच पोकळ्या माणसाला घातक ठरतात. शेवाळाने पृष्ठभाग निसरडा असतो आणि पाय घसरल्यास आत अडकलेल्यास बाहेर काढणे कठीण. ठोकळ्यांवर उतरू नये, मुलांना उतरू देऊ नये.

या वाटेत उणिवाही आहेत. सावली विरळ असल्याने दुपारची वेळ टाळावी लागते. त्याहून मोठी अडचण वाटेवर नसून वाटेपर्यंत पोहोचण्यात आहे : वाहनांचा रुंद रस्ता ओलांडल्याशिवाय समुद्राकडील पदपथ गाठता येत नाही. सिग्नलचा अवधी वृद्धांच्या चालीस पुरेसा असेल, तरच पलीकडच्या सपाट वाटेचा त्यांना उपयोग. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर असावी आणि कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. चाकांच्या खुर्चीसाठी उतार 1 : 12 पेक्षा तीव्र नसावा, हे प्रमाणही सर्वमान्य आहे. तलावाकाठी वा नदीकाठी वाट आखणाऱ्या नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतीने ही मापे वाटेइतकीच वाटेच्या तोंडाशी लावून पाहावीत. एका उंच पायरीने सारा खर्च वाया जातो.

पावसाळ्यात मात्र वेळ पाहूनच निघावे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या भरतीला वारा मिळाला, तर लाटा कठडा ओलांडून पदपथावर येतात. कोकणातील जुना हिशेब येथेही ढोबळमानाने लागू पडतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीस सुमारे तीन, अष्टमीस सहा, अमावास्येस सव्वाअकरा. म्हणजे उधाणाच्या दिवसांत पूर्ण भरती दुपारी व मध्यरात्री असते आणि सायंकाळी सहाच्या सुमारास ओहोटी. नेमकी वेळ व उंची महानगरपालिकेच्या भरतीच्या वेळापत्रकातून पाहून घ्यावी. साडेचार मीटरहून अधिक उंचीच्या भरतीचा दिवस असल्यास मुलांना घेऊन इमारतींच्या बाजूच्या पदपथानेच चालावे.