कावेरीकाठचा वाग्गेयकार : मुत्तुस्वामी दीक्षितर

कर्नाटक संगीताची त्रिमूर्ती मानले जाणारे तिन्ही वाग्गेयकार एकाच गावात जन्मले. श्यामाशास्त्री (१७६२–१८२७), त्यागराज (१७६७–१८४७) आणि मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५) या तिघांचेही जन्मस्थान कावेरीच्या खोऱ्यातले तिरुवारूर. हा मुलूख तेव्हा तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या या घराण्यात संगीताचा व्यासंग जुना होता. ‘संगीत सारामृत’ हा ग्रंथ पहिल्या तुळजाराजांच्या नावावर आहे. दीक्षितर तिघांत धाकटे, पण देश पाहिला तो त्यांनीच सर्वांत जास्त. जिथे गेले तिथले संगीत त्यांनी कान देऊन ऐकले, आणि ते आपल्या रचनेत आणताना त्याला दक्षिणी वळण दिले. त्यांचे मोठेपण या पचवून घेण्यात आहे.

वडील रामस्वामी दीक्षितर स्वतः जाणते रचनाकार होते. व्यंकटमखींच्या ७२ मेळांच्या परंपरेत त्यांचे शिक्षण झाले होते आणि हंसध्वनी रागाचे जनकत्व त्यांच्याकडे दिले जाते. मुत्तुस्वामींना संस्कृत, वेद, ज्योतिष, गायन आणि वीणावादन यांचे धडे घरातच मिळाले. पुढे मद्रासजवळच्या मणलीच्या जमीनदारांनी या कुटुंबाला आश्रय दिला. या जमीनदार घराण्याचा ईस्ट इंडिया कंपनीशी संबंध होता. त्यामुळे दीक्षितर बंधूंना सेंट जॉर्ज किल्ल्यातला गोऱ्यांचा बँड ऐकायला मिळाला. धाकटे बंधू बाळुस्वामी व्हायोलिन शिकले. हे वाद्य कर्नाटक संगीतात रुजले त्याच्या आरंभीच्या शिलेदारांत त्यांचे नाव घेतले जाते. मुत्तुस्वामींनी त्या परक्या धुनांवर संस्कृत शब्द बसवले. सुमारे चाळीस संख्येच्या या छोट्या रचना ‘नोट्टुस्वर’ म्हणून ओळखल्या जातात. इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या चालीवरही त्यांत एक देवीस्तुती आहे. आजही मुलांना शिकवल्या जाणाऱ्या या रचना सोप्या आहेत, त्यांत गमकांचे काम जवळजवळ नाही. त्यांच्यावरून दीक्षितरांची थोरवी मोजू नये; त्यांच्या कानाचा मोकळेपणा मात्र त्यांत स्पष्ट दिसतो.

याच काळात चिदंबरनाथ योगी मणलीला आले आणि तरुण मुत्तुस्वामींना आपल्याबरोबर काशीला घेऊन गेले. तिथे काही वर्षे राहून त्यांनी श्रीविद्येची उपासना केली आणि उत्तरेकडचे संगीतही ऐकले. द्विजावंती, यमुनाकल्याणी, हमीरकल्याणी, वृंदावनसारंग या रागांतल्या त्यांच्या कृतींमागे हे ऐकणे आहे. त्यांतली संथ, आलापासारखी उलगडत जाणारी स्वरवाक्ये ध्रुपदाची आठवण करून देतात. स्वरांची घसीट मात्र वीणेची आहे, आणि ती दक्षिणेची आहे.

काशीहून परतल्यावर तिरुत्तणीच्या मुरुगन मंदिरात पहिली कृती झाली असे परंपरा सांगते. देवाने वृद्धाच्या रूपात येऊन तोंडात खडीसाखर घातली, ही तिथली आख्यायिका. मायामाळवगौळ रागातल्या त्या कृतीपासून ‘गुरुगुह’ ही मुद्रा त्यांच्या रचनांत येऊ लागली. तिथून पुढे त्यांचे आयुष्य क्षेत्रांच्या वाटेवर गेले. ज्या मंदिरात जावे तिथल्या देवतेवर कृती रचावी, आणि तिच्यात स्थळ, तीर्थ, स्थलपुराण, मंत्रशास्त्राचे संकेत आणि बहुधा रागाचे नावही गुंफावे, ही त्यांची रीत. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश या पंचलिंगांच्या कांची, तिरुवानैक्कावल, तिरुवण्णामलै, काळहस्ती आणि चिदंबरम या क्षेत्रांवर त्यांनी एकेक कृती केली. रवी ते शनी या सात ग्रहांच्या कृतींमध्ये सात सूळादी ताल वापरले आहेत. राहू-केतूच्या कृती नंतर कोणी जोडल्या असाव्यात, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते.

या साऱ्याचा कळस तिरुवारूरच्या कमलांबा देवीवरच्या नवावरण कृतींत आहे. श्रीचक्राच्या नऊ आवरणांसाठी नऊ, शिवाय आरंभी तोडीत ध्यानकृती आणि शेवटी श्री रागात मंगलकृती, अशा अकरा रचना. पहिल्या आठ कृतींत देवीचे नाव प्रथमेपासून संबोधनापर्यंत एकेका विभक्तीत येते, आणि आहिरीतल्या नवव्या कृतीत सगळ्या विभक्ती एकत्र येतात. एवढी बंधने घालून घेतल्यावर संगीत कोरडे पडायला हवे होते. पण घंटा रागातली आठवी कृती किंवा भैरवीतली पाचवी ऐकताना व्याकरणाचे भानही राहत नाही. लय विलंबित आणि पावले जड. रागाचे प्रत्येक अंग सावकाश उजळत जाते, आणि अखेरीस मध्यमकालातल्या दुप्पट गतीच्या ओळी आल्या की साचून राहिलेले सारे एकदम वाहू लागते. मैफलीत या कृती घाईने उरकल्या जातात तेव्हा त्यांचे मर्मच हरवते. त्यांना वेळ द्यायलाच हवा. त्यागराजांची तेलुगू कृती भक्ताच्या बोलण्यासारखी थेट हृदयाला भिडते, दीक्षितरांची संस्कृत कृती हळूहळू आकार घेते. दोहोंत डावे-उजवे करण्यात अर्थ नाही.

दीक्षितरांच्या नावावर सुमारे साडेचारशे रचना सांगितल्या जातात. तिरुवारूरच्या मंदिरातले वादक तंबियप्पन आणि नर्तकी कमलम त्यांच्या शिष्यपरिवारात होते. तंजावरला दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारातले चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधूही त्यांच्याकडे शिकले. आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा आराखडा या चौघांनी बसवला. राजस्तुती करून धन मिळवण्यापेक्षा दीक्षितरांनी ललिता रागात लक्ष्मीची कृती रचली, अशीही कथा आहे. या काळात घरची स्थिती बेताचीच होती. अखेरची वर्षे एट्टयपुरम संस्थानात गेली. बाळुस्वामी तिथे दरबारी वादक होते. २१ ऑक्टोबर १८३५ रोजी, नरकचतुर्दशीच्या दिवशी, दीक्षितरांचे तिथेच निधन झाले.

रचना टिकल्या त्या घराण्यामुळे. बाळुस्वामींचे नातू आणि दत्तकपुत्र सुब्बराम दीक्षितर यांनी १९०४ साली ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा मोठा ग्रंथ तेलुगू लिपीत छापला. त्यात मुत्तुस्वामींच्या दोनशेहून अधिक कृती गमकांच्या खुणांसह आहेत. विष्णु नारायण भातखंडे दक्षिणेच्या दौऱ्यात एट्टयपुरमला जाऊन त्यांना भेटले होते. व्यंकटमखींच्या मेळपद्धतीचा भातखंड्यांच्या विचारावर झालेला परिणाम त्यांच्या थाटपद्धतीत दिसतो. हंसध्वनी रागानेही उत्तर गाठली. ‘वातापि गणपतिम्’ या दीक्षितरांच्या कृतीमुळे दक्षिणेत घरोघरी पोचलेला हा राग मुंबईत भेंडीबझार घराण्याचे अमान अली खाँ यांनी आपलासा केला, त्यात बंदिश बांधली, आणि पुढे अमीर खाँ यांच्या गायनातून तो हिंदुस्तानी मैफलीत कायमचा रुळला.