बरणीतला मे महिना

1977 साली कोका-कोला भारतातून गेली तेव्हा मी दुसरीत होते. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत त्याचं कुणाला सुखदुःख नव्हतं. उन्हातून आलेल्याला आधी गुळाचा खडा आणि पाणी, मग रातांब्याचं सरबत. ते आजीच्या बरणीतून यायचं.

रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. ते पिकतं एप्रिल-मेमध्ये, आणि पाऊस तोंडावर येऊन ठेपलेला असतो. त्यामुळे हे काम घाईचं. सकाळी झाडाखाली पडलेली फळं आम्ही मुलं वेचून आणायचो. आजी विळीवर त्यांचे दोन भाग करायची. लालचुटूक वाट्यांत साखर भरायची, त्या बरणीत एकावर एक रचायच्या, तोंडाला फडकं बांधायचं आणि बरणी आठवडाभर उन्हात ठेवायची. साखर विरघळून जो पाक सुटतो तो अमृत कोकम. बाकीच्या साली सोलांसाठी. गराला मीठ लावलं की रस सुटतो. त्यात साली बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. अशी पुटं देता देता सोलं काळीभोर होत. हाच खारट रस आगळ म्हणून बाटल्यांत भरला की वर्षभराच्या सोलकढीची सोय. बियासुद्धा फुकट जात नसत. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळायच्या, वर तरंगलेलं तेल निवलं की मुठीत वळायचं. थंडीत टाचांच्या भेगांना घरभर तेच मुठेल. चोथा माडाच्या आळ्यात.

झाडाला कधी खत घातलं नाही की फवारणी केली नाही. ते परसात, बांधावर आपलं आपण वाढलेलं. सेंद्रिय हा शब्द आजीने ऐकलाही नसेल.

तरीही जुनं ते सगळं निर्मळ होतं असं मी म्हणणार नाही. अमृत कोकमाला साखर फळापेक्षाही जास्त लागते. ती काही आमच्या परसात पिकत नव्हती. तिच्यामागे उसाचं पाणी होतं, कारखाना होता. हा हिशेब मला फार उशिरा कळला.

1990 मध्ये पेप्सी आली, 1993 मध्ये कोका-कोला परतली. मी तेव्हा मुंबईत संसार मांडला होता. पाहुण्यांपुढे कोकम ठेवायचा संकोच वाटू लागला, आणि मीही बाटल्या आणू लागले. सुरुवातीला त्या काचेच्या होत्या, रिकामी बाटली दुकानात परत जायची. पुढे प्लास्टिकची बाटली आली आणि परत करण्याची सवयच मोडली. माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं.

ऑगस्ट 2003 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. कंपन्यांनी ते नाकारलं. पण पुढच्या वर्षी संसदेच्या संयुक्त समितीने संस्थेचे निष्कर्ष उचलून धरले. त्या वर्षी मे महिन्यात मी गावाहून पिशवीभर रातांबे आणले आणि माळ्यावरची आजीची बरणी खाली काढली.

तेव्हापासून दरवर्षी थोडं थोडं बदलत गेले. आता पाक थोडाच करते, भर आगळावर. पेलाभर माठातल्या पाण्यात चमचाभर आगळ, चवीला गूळ, भाजल्या जिऱ्याची पूड. मीठ आगळातच असतं. गूळ पिवळाधमक दिसला की मी घेत नाही, तो रंग बहुधा रसायनाचा असतो. भेंडीच्या चिकाने मळी काढलेला गूळ तपकिरी दिसतो, सरबताचा रंगही जरा काळवंडतो. चव मात्र भरीव येते. चैत्रातल्या हळदीकुंकवाचं पन्हंही मी याच गुळाचं करते.

मधल्या काळात दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ हे कोकमाचं वाण दिलं, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. याचा मला मनापासून आनंद आहे. पण तेच कोकम दुकानात पुन्हा प्लास्टिकच्या बाटलीत मिळतं तेव्हा वाईट वाटतं. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकचे पेले आणि स्ट्रॉ देशभर बंद झाले, बाटली राहिलीच.

या मे महिन्यात कोकणात येणं झालं तर दोन किलो रातांबे न्या. बरणी काचेची किंवा चिनी मातीची घ्या, आणि घरी पोचल्याच्या दिवशीच फळं फोडा. रातांबा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही.