नाटक मंडळीतील व्यवस्थापन व कलानिर्मिती

नाटक मंडळीतील व्यवस्थापन व कलानिर्मिती : प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष प्रयोग करून त्यांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या नाट्यसंस्थेतील कारभारविषयक निर्णय आणि त्या संस्थेची कलात्मक निर्मिती यांचा परस्परसंबंध. कोणते नाटक बसवावे, कोणती भूमिका कोणास द्यावी, पडदे व कपडेपट यांवर किती खर्च करावा, मुक्काम कोठे व किती दिवस ठेवावा हे प्रश्न वरवर पाहता हिशेबाचे वाटतात. परंतु नाटकाचे अंतिम रूप पुष्कळ अंशी त्यांच्या उत्तरांवरून ठरते. मराठी व्यावसायिक रंगभूमीच्या इतिहासात हा संबंध विशेष स्पष्टपणे दिसून येत असल्याने प्रस्तुत नोंदीत तिच्याच आधारे त्याचा विचार केला आहे.

स्वरूप : नाट्यप्रयोग साठवून ठेवता येत नाही. रिकामी राहिलेली खुर्ची त्या रात्रीपुरती कायमची वाया जाते आणि गाजलेला प्रयोगही दुसऱ्या दिवशी नव्याने उभा करावा लागतो. तालमी, पडदे, पोशाख यांचा खर्च पहिले तिकीट विकले जाण्यापूर्वीच झालेला असतो. नाटक लोकांच्या पसंतीस उतरेल की नाही, हे मात्र पडदा वर गेल्यावरच कळते. विल्यम बाउमोल व विल्यम बोएन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणाचे विवेचन करताना आणखी एका अडचणीकडे लक्ष वेधले. कारखान्यात यंत्रांमुळे दर माणशी उत्पादन वाढते, प्रयोगात ते तसे वाढत नाही. सौभद्र उभे करण्यास १८८२ मध्ये जितके नट, वादक व तास लागत, जवळजवळ तितकेच आजही लागतात. इतर क्षेत्रांतील वेतनाबरोबर कलावंतांचे वेतन मात्र वाढत जाते. त्यामुळे खर्च उत्पन्नापेक्षा वेगाने वाढण्याकडे अशा संस्थांचा कल असतो. खर्च कमी करण्याचा प्रत्येक उपाय, मग तो पात्रे कमी करण्याचा असो वा तालमी आखडण्याचा, कलेला स्पर्श करतो. आणि कलेची प्रत्येक मोठी आकांक्षा तिजोरीला.

आश्रयाकडून तिकिटाकडे : विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने सीतास्वयंवर  या नाटकाचा प्रयोग केला. १८५१ मध्ये चिंतामणरावांच्या निधनानंतर हा आश्रय संपला व मंडळीस दौऱ्यावर निघावे लागले. १८५३ मध्ये तिने मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. या स्थित्यंतराने निर्णयाचे केंद्र बदलले. एका आश्रयदात्याच्या अभिरुचीऐवजी गावोगावच्या अनोळखी प्रेक्षकांचा अंदाज घेणे आवश्यक झाले. भाव्यांच्या नाटकांत गाण्याचा भार सूत्रधारावर असे व पात्रे बहुधा उत्स्फूर्त भाषण करीत. अशा प्रयोगास लिखित संहिता व दीर्घ तालमी यांची गरज कमी असल्याने फिरत्या मंडळीस तो सोयीचा होता.

किर्लोस्कर नाटक मंडळी : बलवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–८५) यांनी पुण्यात पारशी मंडळीचा इंद्रसभा  हा प्रयोग पाहिल्यानंतर तशा धर्तीचे मराठी नाटक करण्याचे मनावर घेतले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात शाकुंतल  या संगीत नाटकाचा प्रयोग झाला. येथे पदे सूत्रधाराऐवजी पात्रांच्याच तोंडी आली. या कलात्मक निर्णयाचे कारभारावरील परिणाम दूरगामी होते. गाता नट हे मंडळीचे प्रमुख भांडवल बनले. त्याचा शोध, शिक्षण, पगार व मर्जी सांभाळणे हे व्यवस्थापनाचे मुख्य काम झाले. १८८२ मध्ये बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर हे असामान्य आवाजाचे तरुण मंडळीत आले आणि त्यानंतरच्या निर्मितीवर त्यांच्या गायनाची छाप पडली.

अण्णासाहेब हे नाटककार, तालीममास्तर, नट व चालक होते. नाटक पूर्ण होण्याची वाट न पाहता तयार झालेले अंक रंगमंचावर आणण्याची त्यांची पद्धत लक्षणीय आहे. १८८२ मध्ये सौभद्राचे पहिले तीन अंक प्रथम सादर झाले व पुढे ते नाटक पूर्णत्वास गेले. रामराज्यवियोग  त्यांच्या निधनामुळे अपुरेच राहिले, तरी त्याच्या लिहून झालेल्या अंकांचे प्रयोग झाले. या पद्धतीमुळे मोठा खर्च अंगावर येण्यापूर्वी प्रेक्षकांचा प्रतिसाद कळे आणि नाटककाराला दुरुस्तीस वाव मिळे. लेखनाचा व कारभाराचा निर्णय एकाच व्यक्तीच्या हाती असल्याने हे शक्य झाले.

अण्णासाहेबांच्या पश्चात मंडळी टिकली, याचे एक कारण जुन्या व नव्या नाटकांचा तिने राखलेला मेळ हे होय. शाकुंतल  व सौभद्र  यांना हमखास प्रेक्षक मिळत. त्यांच्या जोरावर नव्या प्रयोगाची जोखीम घेता येई. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या वीरतनय  (१८९६) या नाटकाने अपरिचित चाली आणल्या, तर गोविंद बल्लाळ देवल यांच्या शारदा  (१८९९) या नाटकाने जरठकुमारी विवाहाचा सामाजिक विषय पौराणिक कथांना सरावलेल्या संगीत रंगभूमीवर आणला. मुक्कामाच्या गावी प्रेक्षकवर्ग मर्यादित असल्याने एकच नाटक फार दिवस चालत नसे. पाचसहा नाटके तयार असल्याखेरीज मुक्काम लांबवता येत नसे. अशा रीतीने दौऱ्याच्या गरजेतूनच नाटकांचा संग्रह वाढत गेला.

मंडळीचे अंतर्गत जीवन : नटांना पगाराबरोबर मंडळीच्या बिऱ्हाडी राहण्याजेवण्याची सोय असे. आचारी, कपडेपट सांभाळणारे, पडदे रंगविणारे, साथीदार असा मोठा परिवार गावोगाव हिंडे. चांगल्या आवाजाची मुले लहानपणीच मंडळीत घेतली जात. त्यांना स्त्रीपार्टी म्हणून तयार केले जाई. हा खर्च प्रयोग नसतानाही चालू राही. परंतु सर्व कलावंत एकत्र राहत असल्यामुळे दीर्घ तालमी घेता येत. आवाज फुटणे, आजारपण वा नटाने मंडळी सोडणे यांमुळे बसविलेली नाटके एकाएकी बंद पडण्याचा धोका असे. त्यासाठी एका भूमिकेस दुसरा नट तयार ठेवणे श्रेयस्कर ठरे.

कारभार पाहणारा व्यवस्थापक आणि तालमी घेणारा तालीममास्तर ही दोन अधिकारपदे मोठ्या मंडळ्यांत वेगळी झाली. किर्लोस्कर मंडळीत शंकरराव मुजुमदार यांनी व्यवस्थापन पाहिले. नटांना घडविण्याचे काम देवलांनी दीर्घकाळ केले. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) हे १९०५ मध्ये मंडळीत आले, तेव्हा त्यांच्या नैसर्गिक गळ्याला अभिनयाचे वळण लागले ते या शिक्षणामुळे. पुढे गद्य नाटककार म्हणून प्रसिद्ध असलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे पहिले संगीत नाटक मानापमान  मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आणले. त्यास गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. नवा संगीत नाटककार व नवा संगीतकार यांवर प्रस्थापित मंडळीने टाकलेला हा विश्वास फळास आला.

मालकी व फूट : मंडळीची कीर्ती ज्यांच्यामुळे वाढे, त्यांना निर्णयात व उत्पन्नात किती वाटा असावा, हा या व्यवसायातील सर्वांत अवघड प्रश्न होता. केशवराव भोसले (१८९०–१९२१) हे स्वदेशहितचिंतक मंडळीत बालनट म्हणून गाजले. ती सोडून त्यांनी १९०८ मध्ये हुबळी येथे ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व त्यांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांची बलवंत संगीत मंडळी निघाली. प्रत्येक फुटीने जुन्या मंडळीचे नुकसान झाले. परंतु नव्या मंडळीस स्वतःचे वेगळेपण सिद्ध करणे भाग असल्याने नवी नाटके, नवे नेपथ्य व नव्या चाली यांना चालनाही मिळाली. ललितकलादर्शने मामा वरेरकर यांचे हाच मुलाचा बाप  (१९१६) हे हुंड्यावरील नाटक आणि केशवरावांच्या पश्चात बापूराव पेंढारकर यांच्या चालकत्वाखाली सत्तेचे गुलाम  (१९२२) हे नाटक सादर करून सामाजिक विषयांची वाट प्रशस्त केली.

स्पर्धकांनी एकत्र येण्याचे संस्मरणीय उदाहरण म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेला संयुक्त मानापमानाचा प्रयोग. त्यात केशवराव धैर्यधराच्या व बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत होते.

वेगळ्या प्रकारची जोखीम महाराष्ट्र नाटक मंडळी या गद्य नाटके करणाऱ्या संस्थेने पत्करली. खाडिलकरांच्या कीचकवध  (१९०७) या नाटकातील राजकीय सूचकता प्रेक्षकांनी ओळखली. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. गर्दी खेचणारे नाटक कारभाराच्या दृष्टीने एका रात्रीत निरुपयोगी होऊ शकते, हे यावरून दिसते.

गंधर्व नाटक मंडळी : कलावंत हाच सर्वाधिकारी मालक झाल्यास काय घडते, याचे ही मंडळी ठळक उदाहरण आहे. स्वयंवर  (१९१६) या नाटकाच्या पदांना भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. अहमदजान थिरकवा यांचा तबला व कादरबक्ष यांची सारंगी अशी साथ लाभल्याने नाटकातील गायन मैफलीच्या उंचीस पोहोचले. उंची वस्त्रे, दागिने व नेपथ्य यांत बालगंधर्वांनी कधी काटकसर केली नाही. द्रौपदी  (१९२०) या नाटकातील मयसभेचे दृश्य त्यांच्या या वृत्तीचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. टेंबे व पुढे बोडस मंडळीतून बाहेर पडल्यावर या उदारतेला आवर घालणारे कोणी उरले नाही. प्रचंड लोकप्रियता असूनही मंडळी कर्जात बुडाली. बालगंधर्वांनी दिवाळे न काढता अनेक वर्षे प्रयोग करून ते कर्ज फेडले. मात्र उत्पन्न हप्त्यांत जात राहिल्याने जुन्याच लोकप्रिय नाटकांवर भर देणे प्राप्त झाले.

‘वन्स मोअर’ची प्रथा हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू होय. रसिकांच्या आग्रहाखातर पदे पुनःपुन्हा गाइली जात व प्रयोग रात्रभर लांबत. तिकीटविक्रीला ही प्रथा पोषक होती व तिने नाट्यसंगीताचा विस्तारही घडविला. परंतु कथानकाचा ओघ तुटू लागला. प्रेक्षकाला तत्काळ हवे ते देणे आणि नाटकाचे हित पाहणे यांतील सीमारेषा ठरविणारा तटस्थ अधिकारी अशा वेळी मंडळीत नसे.

बोलपटानंतर : १९३२ पासून मराठी बोलपट आल्यावर स्वस्त तिकिटाची करमणूक उपलब्ध झाली व अनेक नाट्यगृहांत चित्रपट दाखविले जाऊ लागले. नाट्यमन्वंतर या संस्थेने आंधळ्यांची शाळा  (१९३३) या नाटकात मोजकी पदे, आटोपशीर प्रयोग, वास्तवदर्शी नेपथ्य व स्त्रीभूमिकांसाठी स्त्रिया असा नवा आदर्श ठेवला. ही संस्था अल्पायुषी ठरली, तरी तिचे निर्णय पुढील रंगभूमीने स्वीकारले. मोतीराम गजानन रांगणेकर यांच्या नाट्यनिकेतनने (१९४१) कुलवधू  (१९४२) यासारख्या नाटकांतून ते व्यवसायात रुजविले.

स्वातंत्र्योत्तर काळात बिऱ्हाडी मंडळीची जागा निर्मात्याच्या संस्थेने घेतली. नटाला मासिक पगाराऐवजी प्रयोगागणिक ‘नाईट’ मिळू लागली. गावोगावचे प्रयोग कंत्राटदार विकत घेऊ लागले. स्थायी खर्च कमी झाला. पण एकत्र राहून होणारे शिक्षण व दीर्घ तालमी यांनाही मुकावे लागले. १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने हौशी संस्थांना तिकिटाच्या दडपणाविना नवे नाटक करून पाहण्याचे क्षेत्र दिले. दी गोवा हिंदू असोसिएशनचा कला विभाग व प्रभाकर पणशीकर यांची नाट्यसंपदा (१९६३) यांसारख्या संस्थांनी व्यवसायाची शिस्त व दर्जेदार नाटक यांची सांगड घातली. कट्यार काळजात घुसली  (१९६७) हे नाट्यसंपदेचे नाटक त्याची साक्ष देते.

संस्थेचे धोरण व कलावंतांची निष्ठा यांतील संघर्ष विजय तेंडुलकर यांच्या घाशीराम कोतवाल  या नाटकाच्या निमित्ताने पुन्हा प्रकट झाला. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेले हे नाटक पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी सादर केले. त्यावर वाद उठल्यावर संस्थेने प्रयोग थांबविले. नाटकातील कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी ही संस्था स्थापून ते पुन्हा उभे केले व १९८० मध्ये यूरोपच्या दौऱ्यावर नेले. मानवी पडद्यासाठी मोठा नटसंच लागणारे हे नाटक केवळ हिशेबाच्या दृष्टीने गैरसोयीचे होते. ते टिकले ते निर्णयात सहभागी असलेल्या कलावंतांच्या बळावर.

मूल्यमापन : वरील इतिहासावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. कलावंताला निर्णयात स्थान नसेल, तर तो संस्था सोडतो व तिची सर्जनशक्ती त्याच्याबरोबर जाते. कलावंताच्या इच्छेला हिशेबाचा कोणताच लगाम नसेल, तर आजच्या वैभवाचे मोल उद्याच्या नव्या नाटकाला द्यावे लागते. तिजोरी व तालीम यांचे अधिकारी वेगळे, पण परस्परांचे ऐकणारे असणे. जुन्या नाटकांच्या उत्पन्नातून नव्याची तरतूद करणे. आणि मोठ्या खर्चापूर्वी प्रयोगाची छोट्या प्रमाणावर परीक्षा घेणे, या तीन गोष्टी जेथे साधल्या, तेथे मंडळी टिकली व तिची कलाही ताजी राहिली. यांपैकी एकही गोष्ट यशाची हमी देत नाही. कारण पडदा वर गेल्यावर अंतिम निर्णय प्रेक्षकांच्याच हाती असतो.