‘कोहबर’ : लेखन की चित्रण?

मिथिलेत विवाहप्रसंगी वधूगृहातील ज्या दालनात नवदांपत्य राहते, त्याच्या भिंतीवर कुलस्त्रिया कमल, वेळू, मत्स्य, शुक रेखाटतात. हा कोहबर. मराठीत चित्र ‘काढतात’. मैथिल स्त्रिया कोहबर ‘लिहितात’. ‘लिख्’ म्हणजे मुळात ओरखडणे. तेव्हा हा केवळ जुन्या अर्थाचा अवशेष, असे कोणी म्हणेल. परंतु तेवढ्याने भागत नाही. याच दालनात गौरीपूजनादी विधी होतात. रेखाटन हे येथे आवाहन आहे, सजावट नव्हे.

१९६६-६७ च्या दुष्काळात भास्कर कुलकर्णी या (मराठीच!) चित्रकाराने हस्तकला मंडळातर्फे तेथील स्त्रियांना कागद पुरविला आणि चित्र विक्रेय झाले. कागदावरील कोहबरापुढे पूजा होत नाही. क्रियापद मात्र टिकून आहे. श्रद्धेचा संदर्भ सुटल्यावर त्याचा अर्थ कोणता उरतो, हे कोशातून नव्हे, लिहिणाऱ्या स्त्रियांच्या बोलण्यातूनच ठरवावे लागेल.