पाहिजेत : ग्रंथपाल

मे महिन्याच्या अखेरीस मी महाविद्यालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले आणि जूनमध्ये माझ्या जागेची जाहिरात आली, ती ‘११ महिन्यांसाठी, एकत्रित मानधनावर’ अशी. वेतनश्रेणीतलं, विद्यापीठाची मान्यता असलेलं पूर्णवेळ पद माझ्याबरोबरच गेलं. आसपासच्या महाविद्यालयांत तेच होताना पाहिलं होतं, तरीही ती जाहिरात जिव्हारी लागली. अर्जांच्या छाननीला मला बोलावलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. ज्या ग्रंथालयात उमेदीची वर्षं घातली तिथे आता कोण येणार, हे मला बघायचं होतं.

अर्ज भरपूर होते. एम.लिब. तर सगळेच, बरेच नेट-सेट झालेले, काही पीएच.डी.सुद्धा. जवळजवळ प्रत्येक बायोडाटाच्या माथ्यावर तेच इंग्रजी वाक्य, नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवण्याच्या उद्दिष्टाचं. खाली परीक्षांचा तक्ता, त्याखाली कार्यशाळा आणि वेबिनारांची लांबलचक यादी, शेवटी छंद म्हणून वाचन. काय वाचता, ते नाही. कुठल्या ग्रंथालयात कुठलं काम स्वतःच्या हाताने केलं, तेही नाही. टेबलावर गठ्ठा होता आणि त्यातली माणसं एकमेकांपासून वेगळी काढता येत नव्हती. मला त्या मुलामुलींचा राग आला नाही. ज्यांनी त्यांना असा अर्ज लिहायला शिकवलं आणि ज्यांनी असाच अर्ज मागितला, त्यांचा आला.

अर्ज असे का झाले, हे कळायला मागे जावं लागतं. ग्रंथालयशास्त्राची कहाणी सांगताना लोक बडोद्यापासून सुरुवात करतात. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावलं, १९३१ मध्ये रंगनाथनांचे पाच सिद्धान्त आले, १९६७ मध्ये महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. हे आम्ही पाठ केलं आणि पेपरात लिहिलं. इथे त्यावर रेंगाळण्याचं कारण नाही. ऐंशीच्या दशकाबद्दलही सांगण्यासारखं थोडंच आहे. आमच्या आधीचे लोक सांगत की महाविद्यालयं वाढत होती, पदविका घेतलेले कमी होते, ओळखीने बोलावणं यायचं आणि अर्ज नंतर लिहिला जायचा. माझा जीव गुंतला आहे तो त्यानंतरच्या दहा वर्षांत.

मी १९९३ मध्ये बी.लिब.ला प्रवेश घेतला. अभ्यासक्रम एका वर्षाचा, आणि वर्गातले बरेच जण आधीपासून कामाला लागलेले. कुणी शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल, कुणी तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसणारा. प्रात्यक्षिकाला समोर शीर्षकपृष्ठाची नक्कल असे आणि हाताशी ड्युईचे खंड, कोलनची सहावी आवृत्ती, सीअर्सची विषयशीर्षकांची यादी. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं कार्ड, त्यावरच्या उभ्या लाल रेघा, कुठल्या रेघेपासून लेखकाचं नाव सुरू करायचं, विरामचिन्ह कुठे पडलं पाहिजे, या सगळ्याला गुण होते. आज कुणाला हे यांत्रिक वाटेल. आम्हाला त्या कार्डावर डोकं चालवावं लागे. राम गणेश गडकऱ्यांची नाटकं त्यांच्या नावाखाली, कविता गोविंदाग्रजांच्या, विनोद बाळकरामांचा; वाचक यांपैकी कुठल्याही नावाने विचारत येईल, आणि कुठल्याही दाराने आला तरी पुस्तकापर्यंत पोहोचला पाहिजे. ज्ञानेश्वरांना आडनाव शोधायचं नाही. शिरवाडकरांचं नाटक मागणाऱ्याला कुसुमाग्रजांच्या कविताही इथेच आहेत, हे कार्डाने सांगितलं पाहिजे. मराठी पुस्तक हाती घेऊन हा विचार आम्ही रोज करत होतो.

आणि सूची. आमच्या सरांचा आग्रह असे की प्रत्येकाने वर्षभरात एक तरी वाङ्मयसूची पुरी करायची, आणि तीही ग्रंथ प्रत्यक्ष हाताळून. त्यांच्यासमोर आदर्श होता शंकर गणेश दात्यांचा. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची ज्या माणसाने उभी केली, आणि नंतर १९५० पर्यंत आणली, त्याचं काम समोर असताना दुसऱ्याच्या यादीवरून उतरवून काढण्याची आमची हिंमत नव्हती. मी जिल्ह्यातल्या जुन्या मासिकांमधल्या स्त्रियांच्या लेखनाची सूची केली. वाळवी लागलेले अंक, निम्मी फाटलेली मुखपृष्ठं, नुसतं ‘एक भगिनी’ अशी सही. सरांनी आम्हाला एक गोष्ट पक्की सांगून ठेवली होती: मुलाखतीला गेलात की प्रमाणपत्रांची फाइल उघडायच्या आधी सूची टेबलावर ठेवा.

त्या दिवसांत अर्ज करणं कष्टाचं होतं, हे मी लपवणार नाही. रविवारची वर्तमानपत्रं आणि एम्प्लॉयमेंट न्यूज वाचनालयात बसून चाळायची, जाहिरात वहीत उतरवून घ्यायची. टंकलेखकाकडे जाऊन अर्ज टाइप करून आणायचा, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स घ्यायच्या, मग त्या साक्षांकित करायला राजपत्रित अधिकारी गाठायचा. आमच्या गावात सरकारी दवाखान्यातले डॉक्टर रुग्ण संपल्यावर शिक्के मारून देत. मागासवर्गीय उमेदवाराने अर्जाची एक प्रत विद्यापीठाच्या विशेष कक्षाकडे पाठवायची. शिवाय डिमांड ड्राफ्ट, त्याचं कमिशन, रजिस्टर पोस्ट. बेकार मुलीसाठी हा खर्च लहान नव्हता. साक्षांकनाची ती वणवण अखेर २०१५ मध्ये संपली, स्वतःच्या सहीवर प्रती चालू लागल्या, आणि ते फार चांगलं झालं. पण प्रत्येक अर्जाला इतके कष्ट पडत, म्हणून तो त्याच संस्थेसाठी लिहिला जाई. विज्ञान महाविद्यालय असेल तर नियतकालिकांच्या कामाबद्दल लिहायचं, अध्यापक विद्यालय असेल तर संदर्भसेवेबद्दल. एकच कागद सगळीकडे पाठवणं परवडतच नव्हतं.

याच काळात संगणक आला. युनेस्कोने तयार केलेली सीडीएस-आयसिस ही प्रणाली केंद्र सरकारचा निसॅट हा उपक्रम आपल्याकडे वाटत असे. डॉसचा काळा पडदा, हातात फ्लॉपी, आणि क्षेत्रांची व्याख्या आपणच ठरवायची: लेखक कुठल्या क्षेत्रात, प्रकाशक कुठल्या, त्यातली उपक्षेत्रं कोणती, नोंद पडद्यावर कशी दिसावी. तयार काहीच मिळत नसे, म्हणून सगळं समजून घ्यावं लागे. सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेला संगणक हाती आला तर देवनागरीत नोंद करता येई, आणि पहिल्यांदा पडद्यावर मराठी शीर्षक उमटलं तेव्हा आमच्यातल्या एकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढे इन्फ्लिबनेटचं सोल आलं, पुण्याच्या कंपनीचं स्लिम होतंच. ज्याने आयसिसमध्ये हात काळे केले होते त्याला पुढचं काही जड गेलं नाही. अर्जात आम्ही लिहायचो: अमुक ग्रंथालयात इतक्या पुस्तकांची नोंद केली, अमुक अडचण आली, ती अशी सोडवली. एवढ्या दोन ओळींवर समोरचा माणूस अर्धा तास बोलू शकायचा.

सगळेच बोलत नसत. एका संस्थेच्या अध्यक्षांनी माझ्या सूचीकडे पाहिलंसुद्धा नाही. पुस्तकं द्यायला-घ्यायला पदवी कशाला लागते, असं विचारलं, आणि मग, संस्थेच्या इमारत निधीला किती देऊ शकाल? मी उठून आले. माझ्याबरोबर रांगेत असलेल्या ज्या मुलाने वडिलांची जमीन गहाण टाकून ते पैसे भरले, त्याला मी दोष देत नाही. पण ज्यांनी ते घेतले त्यांनी या व्यवसायाचं जे नुकसान केलं ते कुठल्याही सरकारी निर्णयाने केलं नसेल, कारण त्यांनी एका अख्ख्या पिढीला शिकवलं की ग्रंथपालाच्या अर्जात काय लिहिलंय याला अर्थ नाही.

याच्या उलट अनुभवही त्याच वर्षीचा. दुसऱ्या एका महाविद्यालयात विद्यापीठाकडून आलेल्या वृद्ध विषयतज्ज्ञांनी एकच प्रश्न विचारला: विभावरी शिरूरकरांचं पुस्तक मागायला वाचक आला, तर तो तुमच्या तालिकेत कुठून कुठे जाईल? मालतीबाई बेडेकर, लग्नाआधीच्या बाळूताई खरे आणि टोपणनाव, ही तिन्ही नावं आम्ही कागदावर मांडली, कुणाखाली मुख्य नोंद आणि कुठून संदर्भ यावर वाद घातला. मग त्यांनी सूची मागून घेतली, पानं उलटली, ‘एक भगिनी’ची नोंद कशी केली ते विचारलं. त्या जागेवर माझी निवड झाली. पदाला विद्यापीठाची मान्यता यायला वेळ लागला, पहिले महिने पगार नव्हता. पण मला काय येतं म्हणून घेतलं आहे, हे मला माहीत होतं. नोकरीत त्याचा फार आधार असतो.

२००१ नंतर एमएस-सीआयटी आलं, नेट-सेटची अट घट्ट होत गेली, २००३-०४ च्या सुमारास महाविद्यालयांमध्ये नॅकच्या मूल्यांकनाची धांदल सुरू झाली. ग्रंथालयाला त्यातून खोल्या आणि संगणक मिळाले, हे मान्य करायला हवं. बिघडलं ते २०१० च्या युजीसी नियमांनंतर. ग्रंथपालालाही एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण जमवावे लागले. चर्चासत्राला हजेरी लावली की गुण, निबंध वाचला की गुण, आयएसबीएन असलेल्या कुठल्याही संग्रहात लेख छापला की गुण. रविवारी मंगल कार्यालयात भरलेली राष्ट्रीय चर्चासत्रं मी पाहिली आहेत, जिथे जेवणानंतर फक्त प्रमाणपत्रांसाठी रांग उरली होती. २०१८ च्या नियमांनी ती पद्धत बदलली, पण तोवर विद्यार्थ्यांनी धडा घेतलेला होता. काम दिसत नाही, कागद दिसतो.

मग भरतीच थांबली. २०१७ ची बंदी, मध्ये थोडी सवलत, आणि मे २०२० मध्ये करोनाच्या कारणाने पुन्हा बंदी. त्या वर्षांत घरी बसलेल्या मुलांनी दिवसाला दोन-दोन वेबिनार ऐकले, प्रश्नमंजूषा सोडवून ई-प्रमाणपत्रं घेतली. आणखी काय करायचं होतं त्यांनी? छाननीत मला दिसलेला गठ्ठा तिथला आहे.

छाननीनंतरच्या मुलाखतींत एका मुलाला मी विचारलं, तुम्ही आत्ता काय करता? म्हणाला, गावच्या वाचनालयात सायंकाळी बसतो. खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर कोहा ही ग्रंथालय-प्रणाली बसवून त्या वाचनालयातल्या निम्म्याहून जास्त पुस्तकांची नोंद पुरी केली आहे, मराठी नावांना तीन-तीन लेखनभेदांचे संदर्भ दिले आहेत, आणि जुन्या दिवाळी अंकांची अनुक्रमणिका बनवायला घेतली आहे. हे अर्जात का नाही? तो म्हणाला, ‘मॅडम, ते ड वर्गाचं वाचनालय आहे. त्याचं प्रमाणपत्र कोण देणार?’

युजीसीच्या पात्रतेच्या यादीत ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचं ज्ञान ही अट आजही लिहिलेली आहे. ती अट हा मुलगा त्या खोलीतल्या कुणाहीपेक्षा जास्त पुरी करत होता, आणि छाननीच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. ज्या विभागात तो शिकला तिथे दोन वर्षांत कुणीही त्याला सांगितलं नव्हतं की हेच पहिल्या पानावर लिहायचं असतं: ग्रंथालयाचं नाव, नोंदींची संख्या, वापरलेली प्रणाली, आलेली अडचण, आणि काम बघता येईल असा पत्ता किंवा छापील नमुना. उद्दिष्टाचं ते इंग्रजी वाक्य काढून टाकायचं आणि त्या जागी ज्या महाविद्यालयाकडे अर्ज करतो आहोत त्याच्या ग्रंथालयात काय करता येईल, हे मराठीत चार ओळींत लिहायचं. वाचनाचा छंद लिहायचाच असेल तर गेल्या वर्षात वाचलेली पुस्तकं लिहायची. हे शिकवायला निधी लागत नाही. इंटर्नशिपचे तास सही-शिक्क्यावर भरून देणाऱ्या प्राध्यापकांनी मुलांना खरोखर एखाद्या तालुका वाचनालयात बसवलं आणि सूची करून घेतली, तर अर्ज आपोआप लिहिला जाईल.

त्या मुलाची निवड झाली. अहवालासोबत मी तीन गोष्टी लेखी दिल्या. पुढच्या जाहिरातीत केलेल्या कामाचा नमुना जोडण्याची अट घालावी. मुलाखतीआधी उमेदवाराला अर्धा तास ग्रंथालयात बसवून पाच मराठी पुस्तकांच्या नोंदी करून घ्याव्यात. आणि हे पद वेतनश्रेणीत, कायमस्वरूपी भरावं. प्राचार्यांनी पहिल्या दोन मान्य केल्या. तिसरीला उच्च शिक्षण विभागाची ना-हरकत लागते. प्रस्ताव गेला आहे, त्याची पोच मी मागून घेतली आहे, आणि त्याचं काय झालं हे विचारायला मी दर महिन्याला जाणार आहे.