पाणलोट समितीत आपला माणूस कुठे आहे?

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा ऐकली नाही असे गाव महाराष्ट्रात सापडणार नाही. एस.टी.च्या मागे, शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या फलकावर ती रंगवलेली असते. पण अडवलेले पाणी कोणाच्या विहिरीत जिरते, हा प्रश्न त्या भिंतीवर कोणी लिहीत नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या पूर्व भागात, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत या दुष्काळी पट्ट्यात हा प्रश्न जीवनमरणाचा आहे आणि तो विचारण्याची पाळी आता आपली आहे.

सुरुवात जुन्या इतिहासापासून करावी लागेल, कारण तो इतिहास आपला आहे. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ साली पुरा केला. सरकारने आपल्या फौजेतल्या आणि पोलीस खात्यातल्या फालतू लोकांना कामाला लावून डोंगरउतारावर ताली-बंधारे घालावेत, पावसाचे पाणी शेतात मुरवावे आणि मातीचा कस वाहून जाऊ देऊ नये, अशी मागणी त्यात आहे. ज्याला आज सरकारी भाषेत ‘माथा ते पायथा’ उपचार म्हणतात, त्याची मांडणी कटगुणच्या या माळ्याच्या वंशजाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केली होती. जलसंधारणाच्या प्रशिक्षण वर्गात हे नाव किती वेळा घेतले जाते, हे वाचकांनी स्वतः जाऊन पाहावे.

दुसरा संदर्भ याच खटाव तालुक्यातला आहे. १९०१ च्या सुमारास सुभेदार रामजी गोरेगाव येथे रोखपाल म्हणून कामाला होते. काम कसले, तर दुष्काळात माणसे मरत होती म्हणून मुंबई सरकारने काढलेले तलाव खोदण्याचे काम. वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच कोणी गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे असे ठरले. शिदोरी बरोबर होती, पण पाणी कोणी दिले नाही. रात्री टोलनाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगूनही पाणी मिळाले नाही आणि मुले अन्न समोर असून उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांनी तो वाचलेला आहे. पण एक गोष्ट वाचताना सुटून जाते. ही मुले ज्या वडिलांकडे निघाली होती, ते तलावाच्या कामावरील मजुरीचा हिशेब ठेवत होते. सरकार पाणी साठवण्यासाठी तलाव खणत होते आणि त्याच वाटेवर नऊ-दहा वर्षांच्या भीमरावाला पाण्याचा घोट मिळत नव्हता. तलाव खणला म्हणजे पाणी सर्वांना मिळते, ही समजूत किती खोटी आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आता रोजगार हमीकडे या. या योजनेचे जनक वि. स. पागे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे. १९६५ साली पहिला प्रयोग त्याच भागात झाला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कामाचा हक्क कायद्याने देणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले, ही अभिमानाची गोष्ट आहेच. परंतु या योजनेवर कोण गेले? ज्यांना जमीन नव्हती ते गेले. बौद्ध, मातंग, चर्मकार, रामोशी, वडार, कोरडवाहू तुकड्यावर न भागणारे मराठे आणि धनगरही गेले. डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका तर सर्वांत पुढे होत्या. त्यांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, नालाबांध घातले. आठवड्याने हजेरीपट आला, मजुरी मिळाली आणि काम संपले. तलाव मात्र तिथेच राहिला. त्यात साठलेले पाणी पाझरून खालच्या अंगाच्या विहिरींना आले आणि त्या विहिरी ज्यांच्या सातबारावर होत्या त्यांच्या शेतात ऊस उभा राहिला.

यात कोणी बेकायदा काही केले असे नाही. अडचण हीच आहे की हे सर्व कायदेशीर आहे. १८८२ च्या इझमेंट कायद्यापासून आपल्याकडे जमिनीच्या मालकाला जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क मानला गेला. म्हणजे पाऊस सार्वजनिक, डोंगर सार्वजनिक, तलावाचा खर्च सरकारी, घाम मजुराचा आणि जमिनीत शिरताच ते पाणी खाजगी! महाडच्या चवदार तळ्याचा दावा १९३७ साली उच्च न्यायालयात जिंकला, कारण तळे नगरपालिकेचे होते आणि अस्पृश्यांना तिथून वगळण्याची अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध झाली नाही. तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळ भरता येते. पण तेच पाणी जमिनीखालून दुसऱ्याच्या विहिरीत गेले, तर कोणत्या पायऱ्या उतरायच्या?

आणि आपल्यापैकी एखाद्याने स्वतःच्या जमिनीत विहीर काढायची ठरवली तर काय होते? माण तालुक्यातील कुळकजाई गाव आठवा. एप्रिल २००७ मध्ये तेथे एका बौद्ध शेतकऱ्याचा जमावाच्या मारहाणीत मृत्यू झाला. त्याचा गुन्हा एवढाच की गावच्या पाझर तलावाजवळच्या आपल्या जमिनीत तो विहीर खोदत होता. त्याच परिसरात इतरांच्या विहिरी होत्या, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. २०१० मध्ये सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. खैरलांजीवर महाराष्ट्र पेटला, कुळकजाईवर मोर्चे निघाले पण लवकर विसर पडला. पाझर तलाव हे मृदसंधारणाचे काम असते आणि त्याच्या काठची विहीर हा सत्तेचा प्रश्न असतो, हे या एका घटनेने सांगितले. जलसंधारणाच्या एकाही अहवालात कुळकजाईचा उल्लेख होत नाही, कारण अहवालात हेक्टर असतात, घनमीटर असतात आणि जात हा रकाना नसतो.

आता कारभार कोणाच्या हाती आहे ते पाहू. राज्यात जलसंधारण हे स्वतंत्र खाते १९९२ साली झाले, २००० मध्ये जलसंधारण महामंडळ आले आणि २०१७ मध्ये खात्याचे नाव मृद व जलसंधारण झाले. शंभर हेक्टरपर्यंतच्या सिंचनाची कामे जिल्हा परिषदेकडे, त्यावरची सहाशे हेक्टरपर्यंत या खात्याकडे, त्यापुढची जलसंपदाकडे. शिवाय कृषी विभाग आहे, वन विभाग आहे आणि अलीकडे स्वयंसेवी संस्था व कंपन्यांचा निधी आहे. एका ओढ्यावर चार खात्यांचे बांध आणि एकाच्याही दुरुस्तीची जबाबदारी कोणावर नाही, असा प्रकार. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च झाले. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी सांगितले की भूजल पातळीवर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. तरी २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा सुरू झालाच.

गावपातळीवर मात्र समिती असते. केंद्राच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांनी म्हटले होते की पाणलोट समिती ग्रामसभेने निवडावी, तिच्यात किमान दहा सदस्य असावेत आणि निम्मे सदस्य बचत गट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि भूमिहीन यांचे असावेत. कागद चांगला होता. व्यवहारात काय घडते हे खेड्यातल्या कार्यकर्त्याला सांगायला नको. सोसायटीचा चेअरमन, साखर कारखान्याच्या संचालकाचा भाऊ आणि माजी सरपंच ओट्यावर बसून यादी करतात. राखीव जागेसाठी बौद्धवाड्यातल्या एखाद्या बाईचे नाव घालतात आणि सही घ्यायला घरी येतात. तिला बैठकीची तारीख कळत नाही, मोजमाप पुस्तिका तिने कधी पाहिलेली नसते. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात तर एवढेही नाही. पाणी वापर संस्थेचा सभासद तोच, जो लाभक्षेत्रात जमीन धारण करतो. जमीन नाही त्याला पाण्यावर मत नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नका. अमेरिकेत १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी लाखो एकर जमीन उडून गेली. १९३५ साली मृदसंधारणाचे खाते निघाले आणि १९३७ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी राज्यांना नमुना कायदा पाठवला. त्यातून स्थानिक मृदसंधारण जिल्हे उभे राहिले. कलेक्टरच्या हुकुमाऐवजी शेतकऱ्यांनी निवडलेले मंडळ माती वाचवणार, ही कल्पना चांगलीच होती आणि असे जवळपास तीन हजार जिल्हे तेथे आहेत. पण ज्या काळात ते सुरू झाले, त्या काळात दक्षिणेतल्या राज्यांत वाट्याने शेती करणाऱ्या काळ्या कुळाला मतपेटीपर्यंतच जाऊ देत नव्हते. स्थानिक स्वराज्य म्हणजे आपोआप लोकशाही, असे मानणाऱ्यांना बाबासाहेबांनी खेड्याबद्दल काय इशारा दिला होता, तो अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना लागू पडतो.

मग दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो सांगली जिल्ह्यातच दाखवून दिलेला आहे. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईचे कामगार खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावी परतले. गावात दुष्काळ होता. रोजगार हमीवर खडी फोडण्यापेक्षा दुष्काळ कायमचा हटवणारे काम द्या, अशी मागणी घेऊन मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि नदी कोरडी पडत होती. लोक म्हणाले, वाळू आमच्या नदीची आहे, थोडी वाळू विकून आम्हीच बंधारा बांधू. सरकारने आधी नकार दिला, संघर्ष झाला. शेवटी के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्याच्या मदतीने आणि लोकांच्या श्रमातून बलवडी व तांदुळवाडी या दोन गावांसाठी बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. यातला महत्त्वाचा भाग बंधाऱ्याच्या दगडात नाही, पाणीवाटपाच्या नियमात आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता प्रत्येक कुटुंबाला सारखे, भूमिहीनालाही. ज्याला जमीन नाही त्याने आपले पाणी घेऊन दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने पीक घ्यावे. पाणी घेऊन येणारा मजूर म्हणजे रिकाम्या हाताने आलेला मजूर नव्हे. वाटणीच्या बोलणीत त्याचा आवाज बदलतो.

या आधी पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे पाणी, उसाला बंदी, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, असे नियम केले होते. आटपाडीत १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर यांच्यासह हजारो लोकांनी पाणी परिषदा भरवून टेंभू योजनेच्या पाण्यावर हाच समन्यायी वाटपाचा दावा लावला. या चळवळींचे नेतृत्व आपल्या पक्षांकडे नव्हते म्हणून त्यांच्याकडे परके म्हणून पाहण्याची सवय आपल्यात आहे. ती सवय महागात पडली आहे. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग ज्यांच्या खात्यात स्थापन झाला, त्या बाबासाहेबांच्या अनुयायांना पाणी हा आपला विषय वाटू नये, हे आश्चर्य आहे. समाजमंदिराच्या निधीसाठी आपण तहसीलवर धडक देतो, द्यायलाच हवी. त्याच तहसीलमध्ये पाणलोटाचा आराखडा मंजूर होताना मात्र आपली खुर्ची रिकामी असते.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आदर्श गावाच्या पंचसूत्रीत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आहे. डोंगरावर सलग समतल चर खणले की ते रान बंद होते. ते रान बहुतेक वेळा गायरान असते. बांधावर कडबा असलेल्या बागायतदाराला चराईबंदीचा त्रास नाही. दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या विधवेला आणि मेंढपाळ धनगराला आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच पडीक जमिनींसाठी. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय त्या लढ्यांच्या रेट्यातून आला. आज पाणलोटाच्या नकाशात गायरान हिरव्या रंगाने रंगवताना तिथे कसणाऱ्याचे नाव लिहिले जाते की ‘अतिक्रमण’ असा शेरा मारला जातो, हे आपल्या कार्यकर्त्याने नकाशा मागून तपासले पाहिजे.

कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने २०१६ मध्ये आणि माणमधील टाकेवाडी (आंधळी) गावाने २०१८ मध्ये पाणी फाउंडेशनचा वॉटर कप जिंकला. लोकांनी उन्हात घाम गाळला, त्यांच्या कष्टाला कमी लेखण्याचे कारण नाही. पण श्रमदानाच्या बाबतीत एक साधा हिशेब आहे. वीस एकरवाल्याने केलेले श्रमदान त्याच्याच विहिरीत परत येते. भूमिहीनाचे श्रमदान मात्र खरोखरच दान असते. त्याला त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

म्हणून आता मागायचे काय? सार्वजनिक पैशाने झालेल्या पाझर तलाव आणि बंधाऱ्यांखालील विहिरींची नोंद करून त्यांच्या पाण्यात भूमिहीन कुटुंबांचा वाटा ठरवावा. २००९ च्या भूजल कायद्यात, जो २०१४ पासून अमलात आला, पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूद आहे, त्या समित्यांत आपले प्रतिनिधी ग्रामसभेतून निवडून जावेत, ओट्यावरच्या यादीतून नव्हे. वतनाच्या आणि गायरानाच्या जमिनींवर बांधबंदिस्ती आधी व्हावी, कारण वाटणीत आपल्याकडे आलेल्या या जमिनी बहुधा माळाच्या आणि हलक्या आहेत, त्यांची माती आधी जाते. तलावातला गाळ काढला जातो तेव्हा ट्रॅक्टर असलेल्याच्या शेतात तो पडतो. गाळाचे वाटपही यादीने झाले पाहिजे.

उन्हाळ्यात आराखड्यासाठी शिवारफेरी निघते. कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक ओढ्याकाठाने चालतात आणि कुठे नालाबांध घालायचा याच्या खुणा करतात. ही फेरी अर्ध्या दिवसात संपते आणि पुढच्या अनेक वर्षांचे पाणी तिथे ठरते. त्या दिवशी वाड्यातल्या दोघा-चौघांनी मजुरीला न जाता आपल्या वतनाचे सातबारे, गायरानाच्या पावत्या घेऊन त्या फेरीत चालावे, आपल्या गटाचा क्रमांक आराखड्यात लिहून घ्यावा आणि ठरावाची नक्कल तिथल्या तिथे मागावी.